दहास एक: शरीरातल्या जिवाणूंच्या आकड्याची पार्श्वभूमी

फेब्रुवारीअखेर विज्ञान दिन आला की पुण्यातल्या शाळांचे फळे ‘माहीत आहे का?’ने भरतात. ऑक्टोपसला तीन हृदये, जन्मलेल्या बाळाची हाडे मोठ्या माणसाच्या हाडांपेक्षा जास्त, आणि त्याच रांगेत: आपल्या अंगात स्वतःच्या पेशींपेक्षा दहापट जिवाणू असतात. पहिल्या दोन गोष्टी मोजून ठरलेल्या आहेत. तिसरी कितीतरी वर्षे कोणी मोजलीच नव्हती.

तोंडातले जिवाणू पहिल्यांदा दिसले १६८३ च्या सुमारास. हॉलंडमधल्या एका कापड व्यापाऱ्याने दातांवरचा पांढरा थर स्वतः घडवलेल्या भिंगाखाली धरला आणि आपल्या देशात माणसे नसतील इतके जीव आपल्या तोंडात आहेत, असे कळवून टाकले. ‘आपल्यापेक्षा ते जास्त’ ही चटक तेव्हापासूनची. पण आजच्या वादाचे मूळ १९७२ मध्ये आहे.

त्या वर्षी एका सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने आतड्यातल्या जिवाणूंवर लिहिताना जाता जाता एक अंदाज दिला. आतड्यातल्या एका ग्रॅम ऐवजात दहा हजार कोटी जिवाणू, पचनमार्गात असा ऐवज साधारण एक किलो, म्हणजे एकूण शंभर लाख कोटी. १९७७ मध्ये दुसऱ्या एकाने हा आकडा उचलला आणि माणसाच्या पेशी दहा लाख कोटी धरून त्याच्या शेजारी ठेवल्या. तो पेशींचा आकडाही ठोकताळाच होता. गुणोत्तर दहास एक. पुढच्या प्रत्येकाने आधीच्याचा हवाला दिला, मूळ बेरीज उलगडून पाहायला कोणी गेले नाही.

चूक तशी ढोबळ होती. जिवाणूंची इतकी दाटी फक्त मोठ्या आतड्यात असते. जठरातले आम्ल आणि लहान आतड्यातला वेगवान प्रवाह यांमुळे तिथे त्यांची संख्या कित्येक पटींनी कमी. मोठ्या आतड्यातला ऐवजही जेमतेम चारशे मिलिलिटर. तरीही २००७ मध्ये अमेरिकेत मानवी शरीरातल्या सूक्ष्मजीवांचा मोठा सरकारी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा त्याच्या प्रचारात हीच ओळ मिरवली गेली. पैसा येणार असेल तर गोल आकडा उपयोगी पडतो. तिथून ती दह्याच्या पेयांच्या आणि प्रोबायोटिक गोळ्यांच्या जाहिरातबाजीत शिरली. ज्या पुण्यात पाषाण रस्त्यावरच्या प्रयोगशाळेत कित्येक दशके सूक्ष्मजीव नोंदणी करून जपले जातात, तिथेही ती बिनतक्रार फिरली.

२०१४ मध्ये एका नियतकालिकातल्या पत्राने शंका काढली. २०१६ मध्ये तिघा संशोधकांनी सगळा हिशेब नव्याने मांडला. सत्तर किलोचा तरुण पुरुष गृहीत धरला, तर जिवाणू सुमारे ३८ लाख कोटी आणि माणसाच्या पेशी ३० लाख कोटी. जवळजवळ बरोबरी. सकाळी पोट साफ झाले की पारडे माणसाच्या बाजूला झुकू शकते, हेही त्यांनीच लिहिले. दीड-दोन किलो म्हणून सांगितले जाणारे जिवाणूंचे वजन दोनशे ग्रॅमवर आले.

बातम्या इथे थांबल्या: ‘दहापट खोटे, बरोबरी खरी’. खरी मेख पुढे आहे. त्या ३० लाख कोटींपैकी २५ लाख कोटी निव्वळ तांबड्या रक्तपेशी आहेत. माणसाच्या तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नसते, डीएनए नसतो, तिचे विभाजन होत नाही. सुमारे १२० दिवस प्राणवायू वाहायचा आणि मोडीत निघायचे. डेंग्यूच्या हंगामात ज्यांचे आकडे पुण्यात घरोघरी पाठ होतात, त्या प्लेटलेट्समध्येही केंद्रक नाही. या दोन्ही वगळल्या तर उरतात सुमारे तीन लाख कोटी पेशी, आणि गुणोत्तर पुन्हा दहास एकच्या आसपास! दोन्ही बाजूंचे आकडे बदलले, तरी उत्तर जुन्याच जागी.

म्हणून जुन्या ओळीचे समर्थक अजून आहेत. जिवाणूशी तुलना करायची तर स्वतःचे जनुक बाळगणारी पेशीच धरावी, असे ते म्हणतात. मला ही पळवाट वाटते. १९७२ किंवा १९७७ मध्ये कोणी केंद्रकाची अट घातली नव्हती. ती आकडा पडल्यावर आठवली. शिवाय पक्ष्यांच्या तांबड्या रक्तपेशीत केंद्रक असते. मग शनिवारवाड्याच्या तटावरच्या पारव्याचे रक्त हिशेबात धरायचे आणि खाली उभ्या माणसाचे नाही, असा विचित्र नियम होईल. मात्र या समर्थकांच्या म्हणण्यात एवढे तथ्य आहे की वजनाने पाहिले तर रक्तपेशी फारच थोड्या. शरीराचा मोठा भाग स्नायू आणि चरबीच्या पेशींचा, ज्या संख्येने नगण्य पण आकाराने अवाढव्य असतात.

सत्तर किलोचा तो पुरुष हीही निवडच होती. स्त्रियांत रक्ताचे प्रमाण कमी आणि मोठे आतडे जवळपास तेवढेच, म्हणून जिवाणूंचे पारडे तिथे साधारण दुपटीवर जाते. २०२३ मध्ये आलेल्या आणखी एका मोजणीने पेशींचा आकडा पुरुषासाठी ३६ लाख कोटी, स्त्रीसाठी २८ लाख कोटी आणि दहा वर्षांच्या मुलासाठी १७ लाख कोटी असा दिला. आतड्यातले जिवाणू तपासून देणाऱ्या खासगी चाचण्यांच्या अहवालात यातले काही नसते. तिथे कोणत्या जातीचे जिवाणू किती टक्के, एवढेच छापलेले असते.