बँकेतली मधली पिढी गेली कुठे?

2012-13 च्या सुमारास कुठल्याही सरकारी बँकेच्या शाखेत गेलात, तर एका काउंटरवर पंचावन्नच्या मॅडम आणि शेजारी पंचविशीचा मुलगा दिसायचा. चाळिशीतलं माणूस मात्र शोधावं लागायचं. जुन्या-नव्यांचं पटत नाही, म्हणून दोघांच्या स्वभावावर बोट ठेवलं जायचं. मला तो स्वभावाचा दोष वाटत नाही. भरतीच्या इतिहासातच ही दरी पडली होती.

19 जुलै 1969 ला 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्र त्यातच होती. 1980 मध्ये आणखी 6 बँका आल्या. खेडोपाडी शाखा निघाल्या आणि जोरात भरती झाली. ही माणसं लेजरवर, म्हणजे हातानं लिहायच्या खातेवह्यांवर घडली. सहामाही बॅलन्सिंगला, म्हणजे खात्यांचा हिशेब जुळवायला, रात्री उशिरापर्यंत सगळी शाखा बसायची. टॅली होत नसेल, तर ज्येष्ठ क्लार्क नव्या पोराला शेजारी बसवून सांगायचा, ''फरकाला नऊनं भागून बघ.'' पूर्ण भाग गेला, की बहुधा कुठेतरी 54 चे 45 लिहिले गेलेले असायचे. हे शिक्षण परिपत्रकातून येत नसे, शेजारच्या खुर्चीवरून मिळायचं.

संगणक आला तो बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यातल्या करारमदारातून. नोकऱ्या जातील ही संघटनांची भीती अनाठायी नव्हती. 1983 च्या करारानं मर्यादित यंत्रांना वाट दिली, 1984 मध्ये रंगराजन समितीनं संगणकीकरणाचा आराखडा मांडला आणि 1993 च्या करारानं दार बरंच उघडलं. पण त्याच नव्वदच्या दशकात भरती आटली. त्यावर 2000-01 ची स्वेच्छानिवृत्ती आली. वयाची 40 वर्षं किंवा नोकरीची 15 वर्षं पूर्ण झालेल्यांना ती खुली होती. सुमारे 1 लाख लोक बाहेर पडले. अनुभवी माणसं गेली, मागून नवी येतच नव्हती.

बँकांच्या मनुष्यबळाचा विचार करणाऱ्या खंडेलवाल समितीनं 2010 मध्ये पुढच्या निवृत्तीच्या लाटेकडे लक्ष वेधलं. 2011 पासून आयबीपीएस या बँकभरतीच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या सामायिक परीक्षेतून तरुणांची मोठी भरती सुरू झाली. त्यात इंजिनिअर पुष्कळ. त्यांचा हात कोअर बँकिंगवर, म्हणजे सगळ्या शाखा जोडणाऱ्या संगणक प्रणालीवर, पहिल्या दिवसापासून बसला. सही बघून माणूस ओळखणं, उसाचं बिल आलं की कोण हप्ता भरतो हे ठाऊक असणं, हे मात्र मॅडमकडे होतं. ते हळूहळू खाली पोचवणारी मधली खुर्ची रिकामी होती. नंतर मॅडम निवृत्त झाल्या आणि तिशीतल्या मुलांवर शाखा आल्या.

एक भेद तर थेट पगाराच्या स्लिपवर दिसायचा. 1 एप्रिल 2010 पासून रुजू झालेल्यांना जुनी पेन्शन नाही, त्यांच्यासाठी एनपीएस, म्हणजे बाजाराशी जोडलेली पेन्शन योजना. काउंटर एक, गिऱ्हाईक तेच, पण म्हातारपणाचा हिशेब दोघांचा निराळा. नव्या मुलांच्या मनात ही गोष्ट सलते, आणि त्यांना 'कुरकुरे' म्हणणाऱ्या साहेबांनी ती तारीख आधी आठवावी असं मला वाटतं.