तीन गिरक्या आणि ८६.७४ मीटर

पुरुषांच्या हातोडाफेकीतला ८६.७४ मीटरचा जागतिक विक्रम ३० ऑगस्ट १९८६ पासून जागचा हललेला नाही. स्टुटगार्टच्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत सोव्हिएत संघाच्या युरी सेडिखने तो केला. एखादी फेक नशिबाने साधली, असंही म्हणायची सोय नाही. त्या दिवशीच्या सहा फेकी अशा: ८३.९४, ८५.२८, ८५.४६, ८६.७४, ८६.६८, ८६.६२.

सेडिखचा जन्म १९५५ चा, नोव्होचेर्कास्कमधला. त्याचे प्रशिक्षक अनातोली बोंदारचुक हे १९७२ चे ऑलिंपिक विजेते. १९७६ मध्ये माँट्रियलला गुरू-शिष्य एकाच स्पर्धेत उतरले, शिष्याने ७७.५२ मीटरवर सुवर्ण नेलं, गुरूंच्या वाट्याला कांस्य आलं. १९८० मध्ये मॉस्कोत ८१.८० मीटरच्या विश्वविक्रमासह त्याने दुसरं ऑलिंपिक सुवर्ण मिळवलं.

खरी चुरस मात्र घरातलीच होती. सोव्हिएत संघाच्याच सर्गेई लिटविनोवने १९८३ मध्ये विक्रम ८४.१४ वर नेला आणि त्याच वर्षी हेलसिंकीत सेडिखला मागे टाकून जगज्जेतेपदही घेतलं. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकवर सोव्हिएत संघाचा बहिष्कार होता. त्या जुलैत आयर्लंडमधल्या कॉर्कला सेडिखने ८६.३४ मीटर फेक केली, म्हणजे एका दमात २.२० मीटरची भर.

हातोडा सोडण्याआधी लिटविनोव चार गिरक्या घ्यायचा, सेडिख तीनच. फेकीच्या वर्तुळाचा व्यास २.१३५ मीटर. गिरकीत डावा पाय टाचेवरून चवड्याकडे वळतो आणि खेळाडू दर वेळी साधारण पाऊलभर पुढे सरकतो. चौथ्या गिरकीने वेग वाढवायला आणखी एक संधी मिळते, पण जागा अपुरी पडते. म्हणून कित्येक जण पहिली गिरकी चवड्यावरच घेतात. सेडिखची भिस्त घाईवर नव्हती, त्रिज्येवर होती, म्हणजे फिरण्याच्या अक्षापासून हातोड्याच्या तारेच्या टोकाला असलेल्या गोळ्यापर्यंतच्या अंतरावर. खांदे सैल, हात लांब सोडलेले आणि उजवा पाय लवकर जमिनीवर, म्हणजे दोन्ही पाय टेकलेले असताना गोळ्याला वेग द्यायला जास्त अवधी.

नवखे नेमके इथेच चुकतात. गोळा ओढायच्या नादात कोपर वाकतं. त्रिज्या १.८ मीटर आणि वेग सेकंदाला ३० मीटर धरा. फिरण्याची गती तीच ठेवून त्रिज्या १० सेंटिमीटरने घटली, तर वेग साडेपाच टक्क्यांनी उतरतो. अंतर वेगाच्या वर्गावर ठरत असल्याने आठ-नऊ मीटर तिथेच गेले. त्याच वेगाला ७.२६ किलोचा हातोडा साडेतीनशे किलोहून जास्त ओढ देतो. ती हातांनी नाही, मागे रेललेल्या धडाने आणि वाकवलेल्या गुडघ्यांनी पेलायची असते.

१९८८ मध्ये सोलला लिटविनोवने ८४.८० मीटर फेकून सुवर्ण जिंकलं; सेडिख ८३.७६ वर दुसरा. १९९१ मध्ये टोकियोत सेडिख वयाच्या ३६ व्या वर्षी जगज्जेता झाला. सप्टेंबर २०२१ मध्ये फ्रान्समध्ये त्याचं निधन झालं.

ऐंशीच्या दशकातल्या विक्रमांवर उत्तेजकांच्या संशयाची सावली आहे आणि सेडिखचा विक्रमही त्यातून सुटलेला नाही. त्याने स्वतः हे आरोप नाकारले होते. पण तंत्र शिकवताना प्रशिक्षक आजही त्याच स्टुटगार्टच्या फेकीची चित्रफीत संथ गतीने लावतात आणि उजवा पाय कधी टेकतो तिथे थांबवतात.