शिशाच्या सीलपासून सीव्हीएनपर्यंत : टर्बो गाडीचं रीमॅप आणि वॉरंटीचा इतिहास

रावेर-सावद्याहून केळी भरून उत्तरेकडे निघणाऱ्या ट्रकांच्या इंजिनात कॉम्प्युटर नव्हता तेव्हाही ट्युनिंग होतंच, फक्त कुणी त्याला त्या नावाने ओळखत नव्हतं. इंजिनला डिझेल पुरवणाऱ्या पंपावर एक स्क्रू असतो. फुल रेसला जास्तीत जास्त किती डिझेल सुटायचं, ते हा स्क्रू ठरवतो. तो थोडा फिरवला की चढाला गाडी ओढायला लागायची, सायलेन्सरमधून काळा धूर निघायचा आणि काही महिन्यांनी हेड गॅस्केट किंवा पिस्टनचा माथा जायचा. कंपनीलाही हे ठाऊक होतं, म्हणून त्या स्क्रूला तार ओवून शिशाचं सील दाबलेलं असे. वॉरंटीचा वाद तेव्हा पाच मिनिटांत मिटायचा. सील शाबूत असेल तर पुढे बोला, तुटलं असेल तर खर्च तुमचा.

आजच्या टर्बो पेट्रोल गाडीतही तसंच सील आहे. फरक इतकाच की ते आता इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये म्हणजे ईसीयूत आहे, मालकाला दिसत नाही, आणि ते पूर्णपणे वाचायचं यंत्र फक्त कंपनीकडे आहे. रीमॅप, म्हणजे ताकद वाढवायला ईसीयूतले आकडे बदलणं, आणि वॉरंटी यांवरची बरीचशी भांडणं या एका बदलातून निघतात.

टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, तसा जुना आहे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखीचं पेटंट १९०५ सालचं. बीएमडब्ल्यूची '२००२ टर्बो' या नावाची गाडी १९७३ साली आली, पोर्शची ९११ टर्बो त्यानंतर दोन वर्षांनी. या गाड्यांत बूस्टवर, म्हणजे टर्बोने भरलेल्या हवेच्या दाबावर, राज्य चालायचं ते स्प्रिंगचं. वेस्टगेटची (जादा धूर टर्बोला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेची) स्प्रिंग जितकी कडक तितका दाब जास्त. पेट्रोल नॉक व्हायला, म्हणजे आपोआप पेटून खडखडायला लागलं तर ते कळायला ड्रायव्हरचे कान सोडून दुसरं साधन नव्हतं. साबने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला एपीसी नावाची व्यवस्था आणली. इंजिनच्या ब्लॉकवर नॉक सेन्सर बसवला आणि खडखड ऐकू आली की एक छोटा व्हॉल्व्ह बूस्ट उतरवायचा. खरी कलाटणी ही. दाब किती ठेवायचा हा निर्णय स्प्रिंगकडून निघून इलेक्ट्रॉनिक्सकडे गेला, आणि तिथून तो बदलणं म्हणजे पाना न लावता आकडे बदलणं झालं.

इंधनाच्या बाजूने बॉश तिथपर्यंत पोहोचलीच होती. १९६७ची डी-जेट्रॉनिक फक्त इंजेक्शन सांभाळायची. १९७९च्या मोट्रॉनिकने इंधन आणि ठिणगीची वेळ एकाच डब्यात आणली. हे आकडे ईप्रॉम चिपवर असत. पुढे सर्रास दिसलेली २७सी२५६ ही चिप फक्त ३२ किलोबाइटची. चिपच्या पाठीवर काचेची खिडकी असे, त्यातून अतिनील प्रकाश सोडला की आतलं सगळं पुसलं जायचं. चुकून उजेड जाऊ नये म्हणून खिडकीवर कागदी लेबल. ट्युनर डबा उघडायचा, २८ पायांची चिप काढायचा, तिच्या जागी सॉकेट लावून नवी बसवायचा. खोललेला डबा आणि बदललेलं लेबल डोळ्यांना दिसायचं. तेव्हाही सील दिसतच होतं म्हणायचं.

भारताने हे चिपचं युग जवळजवळ पाहिलंच नाही. इथे कार्ब्युरेटर गेला तो २०००च्या प्रदूषण नियमांच्या आगेमागे, आणि 'एमपीएफआय' (प्रत्येक सिलेंडरला वेगळं इंधन इंजेक्शन) हे बिरुद डिकीवर मिरवण्याजोगं वाटायचं. त्या गाड्यांना टर्बो नव्हता, त्यामुळे मॅप बदलून हाती लागणार होते चार-पाच घोडे. खान्देशात ट्युनिंग खऱ्या अर्थाने आलं ते कॉमन रेल डिझेलमधून, ज्यात सगळ्या इंजेक्टरना जास्त दाबाच्या एकाच नळीतून (रेल) डिझेल मिळतं. २००७ साली स्विफ्ट फियाटचं १.३ मल्टिजेट घेऊन आली, ७५ पीएस ताकद आणि १९० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढ. तिला 'ट्युनिंग बॉक्स' लावायची लाट आली. बॉक्स ईसीयूला हातही लावत नाही. तो रेल प्रेशर सेन्सरच्या वायरीत बसतो आणि प्रत्यक्षापेक्षा कमी दाब असल्याचं खोटं सांगतो. ईसीयू बिचारा दाब वाढवतो, जादा डिझेल जातं, नव्वदीच्या पुढे घोडे मिळतात. सर्व्हिसच्या आदल्या रात्री काढला की गाडी पुन्हा सोवळी.

'काढून ठेवला की कळत नाही' हा समज या बॉक्सने रुजवला. तो आजही गॅरेजच्या कट्ट्यावर ऐकू येतो आणि नेमका तोच मालकाला बुडवतो. त्या काळातही बॉक्स अगदीच निनावी नव्हता. सेन्सरच्या कनेक्टरवर ओरखडे राहायचे, एरर कोडसोबत त्या क्षणीचे आकडे साठायचे. पण तपासायला फारसं कुणी बसत नसे.

आपल्याकडे कारना ओबीडी, म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड तपासून नोंदवण्याची व्यवस्था, सक्तीची झाली. ओबीडी-१ एप्रिल २०१० पासून आणि ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून लागू झालं. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमधून ईसीयू वाचता येऊ लागला, आणि पुष्कळ गाड्यांत त्याच वाटेने लिहिताही. त्याच २०१३ साली पोलो जीटी टीएसआय आली, १.२ लिटर, १०५ पीएस, १७५ न्यूटन मीटर. मग २०१५ची १४५ पीएसची अबार्थ पुंतो, २०१७च्या बलेनो आरएस आणि ऑक्टाव्हिया व्हीआरएस (२३० पीएस), पुढे आय२० एन लाइन, व्हर्टस जीटी. बलेनो आरएस तर रीमॅपवाल्यांसाठी आयतीच होती. तेच बूस्टरजेट इंजिन युरोपात जास्त ताकदीचं आणि इथे १०२ पीएसवर बांधलेलं. 'कंपनीने दाबून ठेवलेलं मोकळं करतोय' हा युक्तिवाद तिच्यापुरता खरा होता. इतर गाड्यांच्या बाबतीत तो बहुधा जाहिरातीपुरताच.

सगळ्या जगाचं लक्ष ईसीयूकडे वळलं ते सप्टेंबर २०१५ मध्ये. अमेरिकेच्या पर्यावरण यंत्रणेने फोक्सवॅगनवर ठपका ठेवला की डिझेल गाडीचं सॉफ्टवेअर चाचणी ओळखतं आणि तेवढ्यापुरतं धुराडं स्वच्छ ठेवतं. भारतातही ईए१८९ इंजिनाच्या ३,२३,७०० गाड्या सॉफ्टवेअर दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. फसवणूक कंपनीचीच होती, पण धडा सगळ्यांनी घेतला : ईसीयूत नेमकी कोणती फाईल आहे, हे बाहेरून पडताळता आलंच पाहिजे.

त्या पडताळणीचं साधन म्हणजे सीव्हीएन. ओबीडीच्या नवव्या मोडमध्ये ईसीयू दोन गोष्टी सांगतो. कॅल आयडी म्हणजे फाईलचं नाव, आणि सीव्हीएन म्हणजे त्या फाईलमधल्या आकड्यांवरून गणिताने काढलेला क्रमांक. नाव तेच ठेवून आतला एक आकडा बदलला तरी सीव्हीएन बदलायला हवा. याशिवाय ईसीयू किती वेळा लिहिला गेला याचा काउंटर आणि शेवटच्या लेखनाची नोंद असते. फोक्सवॅगन समूहात सर्व्हिस सेंटरचा टेस्टर कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेला असतो. फाईल जुळली नाही की चेसिस नंबरसमोर 'टीडी१' अशी खूण पडते, आणि ती एका वर्कशॉपपुरती राहत नाही. जळगावात पडलेली खूण नाशिकला दिसते. ट्युनरने मूळ फाईल परत टाकली तरी काउंटर पुढे गेलेला असतो. काही टूल काउंटरही मागे आणतात, पण गाडीतल्या नोंदी आणि सर्व्हरवरच्या नोंदी शेजारी ठेवल्या की तफावत बोलते.

दरम्यान कंपन्यांनी ओबीडीची वाटही अरुंद केली. बॉशच्या ईसीयूंच्या ईडीसी१७ आणि एमईडी१७ पिढीत ट्युनिंगविरोधी कुलूप आलं, त्यानंतरच्या एमडी१ आणि एमजी१ पिढीत ते आणखी पक्कं झालं. अशा गाडीत बऱ्याचदा ईसीयू बाहेर काढून टेबलावर वायरी जोडाव्या लागतात, कधी झाकणाचा गोंद कापून आत पिना टेकवाव्या लागतात. म्हणजे फिरून शिशाच्या सीलपाशी आलो. कापलेला गोंद सर्व्हिस ॲडव्हायझरला टेस्टर न लावताही दिसतो.

आता यात जातं काय आणि का, ते पाहू. स्टेज वन म्हणजे एकही पार्ट न बदलता फक्त फाईल. बूस्ट वाढतो, ठिणगी थोडी आधी पडते, टॉर्कची मर्यादा वर सरकते. पहिला घास गिअरबॉक्सचा. फोक्सवॅगन-स्कोडाचा सात गिअरचा डीक्यू२०० हा कोरड्या क्लचचा डबा २५० न्यूटन मीटरसाठी बनवलेला. पोलो जीटीच्या १७५ वर त्यात अंतर होतं. व्हर्टस, टायगुन, स्लाव्हिया, कुशाकमधलं १.५ टीएसआय कारखान्यातूनच २५० देतं. त्यावर तीनशेची फाईल म्हणजे क्लचला आरंभापासून उधारी. १.० टीएसआयच्या सहा गिअरच्या टॉर्क कन्व्हर्टर गाडीत (१७८ न्यूटन मीटर) वाव बराच आहे, पण तिथे टर्बोच लहान.

दुसरी गोष्ट आपल्या उन्हाची, आणि ती पुण्या-बेंगळुरूत बसून फाईल लिहिणाऱ्याच्या ध्यानात राहीलच असं नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या वर जातो. २५ अंशांच्या तुलनेत ४५ अंशांची हवा सुमारे ६ टक्के विरळ. तेवढाच प्राणवायू भरायला टर्बो जास्त वेगाने फिरतो. दाब दुप्पट करायचा आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरायची, तर २५ अंशांची हवा टर्बोतून ११८ अंशांच्या आसपास बाहेर पडते, ४५ अंशांची १४५ च्या. इंटरकूलर, म्हणजे ही हवा थंड करणारी जाळी, तिला बाहेरच्या हवेपेक्षा थंड करूच शकत नाही. कंपनीची फाईल इथे ठिणगी मागे घेते, बूस्ट उतरवते, आणि मालक म्हणतो उन्हाळ्यात गाडी ओढत नाही. ती ओढत नाही म्हणूनच टिकते. आक्रमक फाईलमध्ये याच संरक्षणाचे तक्ते सैल केलेले असतात. डिसेंबरात डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) काढलेला आकडा मे महिन्यात कन्नड घाट चढताना कामाचा नाही.

तिसरी, सर्वांत महागडी बिघाडाची तऱ्हा म्हणजे कमी आरपीएमवरचा अवेळी स्फोट, ज्याला एलएसपीआय म्हणतात. लहान डायरेक्ट इंजेक्शन टर्बोत १५००-२००० आरपीएमला जोर दिला की ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटतं. एकच जोरदार ठोका पिस्टनच्या रिंगांमधली कड तोडू शकतो. फाईल खालच्या आरपीएमचा टॉर्क वाढवते, म्हणजे नेमका धोक्याचाच पट्टा. धुळ्याच्या पुढे चौपदरीवर सहाव्या गिअरमध्ये ओव्हरटेकसाठी पाय दाबायचा नाही, आधी दोन गिअर उतरायचे. इंजिन ऑइलच्या बाजूने उत्तर म्हणजे मे २०२० पासूनचा 'एपीआय एसपी' हा ऑइलचा दर्जा. एलएसपीआयची चाचणी त्यात आहे. पण आधी गाडीच्या पुस्तिकेत मागितलेली मान्यता डब्यावर आहे का ते बघावं. नुसता '५डब्ल्यू-३०' हा आकडा पुरत नाही.

इंधनाने एक दिलासा दिला आणि एक काढून घेतला. ई२० पेट्रोलचा ऑक्टेन ९५, त्यामुळे जुन्या ९१ पेक्षा नॉकला विरोध चांगला. पण शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सुमारे ८ टक्के जास्त इंधन फवारावं लागतं. स्टेज वनवर इंजेक्टर आणि हाय प्रेशर पंप आधीच काठावर असतील तर वरच्या आरपीएमला रेल प्रेशर ढासळतं आणि मिश्रण पातळ होतं. फाईल टाकण्याआधी आणि नंतर तिसऱ्या गिअरमध्ये २००० पासून रेडलाइनपर्यंत (आरपीएमच्या कमाल मर्यादेपर्यंत) एक लॉग, म्हणजे सेन्सरच्या आकड्यांची नोंद, काढलाच पाहिजे. मागितलेला आणि मिळालेला बूस्ट, मागितलेलं आणि मिळालेलं रेल प्रेशर, इनटेक तापमान, लॅम्डा (हवा-इंधनाचं प्रमाण), आणि प्रत्येक सिलेंडरची मागे घेतलेली ठिणगी. तीन-चार अंशांपेक्षा जास्त सतत मागे जात असेल तर फाईल परत पाठवायची. फाईल लिहिताना बॅटरीला स्थिर १३ व्होल्टचा पुरवठा जोडायचा. अर्ध्यात व्होल्टेज पडलं तर ईसीयूची वीट होते, म्हणजे तो निकामी होतो. मूळ फाईलची प्रत दोन ठिकाणी आपल्याकडे ठेवायची. नकली टूल घेऊन दारात येणाऱ्याला ती वाचता येते, परत लिहिता येईलच असं नाही.

कायद्याबद्दल इंटरनेटवर वाचलेलं निम्मं आपलं नाही. 'पार्टमुळेच बिघाड झाला हे कंपनीने सिद्ध करावं' हा आधार अमेरिकेच्या १९७५च्या मॅग्नुसन-मॉस कायद्याचा. धुळ्यात तो चालत नाही. इथे वॉरंटी पुस्तिकेतली अट, आणि वाद झाला तर २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा. ५० लाखांपर्यंतच्या मोबदल्याची तक्रार जिल्हा आयोगाकडे, कारण घडल्यापासून दोन वर्षांत. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग प्रयोगशाळेचा अहवाल मागवू शकतो. म्हणून खिडकीची मोटर नाकारली तर भांडायला जागा आहे. पिस्टन नाकारला आणि सीव्हीएन जुळत नाही, तर जवळपास नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वेगळं. नोंदणीतला तपशील आणि निर्मात्याचा मूळ तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात त्यावर कडक भूमिका घेतली. नियमबाह्य बदलाला कलम १८२अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. डीपीएफ (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारी जाळी) काढून 'ऑफ' करणाऱ्या फाईली तर सरळसरळ प्रदूषण नियमांच्या विरोधात, तिथे ट्युनिंगचं नावही घेऊ नये. विमा कंपनीला बदल कळवला नसेल तर अपघाताचा दावाही अडकू शकतो.

यात सर्वांत अनभिज्ञ राहतो तो जुनी गाडी घेणारा. पुण्या-मुंबईत दोन-तीन वर्षं फिरलेली जीटी खान्देशात येते, एक्स्टेंडेड वॉरंटीसकट, आणि आधीच्या मालकाने फाईल टाकली होती हे पहिल्या दाव्याला समजतं. टोकन देण्याआधी अधिकृत वर्कशॉपमध्ये टेस्टर लावून चेसिस नंबरवर खूण आहे का ते लेखी मागावं. साध्या स्कॅनरनेही नवव्या मोडमधला कॅल आयडी आणि सीव्हीएन दिसतो. त्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या आणि तेच सॉफ्टवेअर असलेल्या दुसऱ्या गाडीचे आकडे शेजारी ठेवावेत. कॅल आयडी एक आणि सीव्हीएन वेगळा निघाला, तर विक्रेत्याला वॉरंटीचे पैसे किमतीतून कमी करायला सांगावं.