चाहत्यांचा फुटबॉल क्लब

चाहत्यांचा फुटबॉल क्लब : प्रेक्षकांनी स्वतः पैसे घालून स्थापन केलेला, सभासदांच्या मतांवर चालणारा आणि बहुधा लीगच्या तळच्या पायऱ्यांवरून वर चढत जाणारा क्लब. असे क्लब बहुतेक वेळा भांडणातून जन्माला येतात. मालकाने जुना क्लब विकला, दुसऱ्या गावी हलवला, कर्जात बुडवला किंवा त्याचे नाव आणि रंग बदलले, की दुखावलेली मंडळी बाहेर पडतात आणि नवा संघ मैदानात उतरवतात. त्याला पाठिंबा देणे म्हणजे तिकीट काढून आरडाओरडा करणे एवढेच नसते. सभेला बसणे, मत देणे, मैदानाच्या दारावर फुकट राबणे आणि संघ हरत असतानाही पुढच्या वर्षीची वर्गणी भरणे हे सारे त्यात येते.

सांगली आणि सातारा जिल्ह्यांत फुटबॉलचा नंबर कुस्ती, कबड्डी, खो-खो आणि क्रिकेट यांच्या बराच मागे लागतो. तरीही हा प्रकार इथल्या माणसाला फोड करून सांगावा लागत नाही. शेअर, सभासद, एकास एक मत, संचालक मंडळ, वार्षिक सर्वसाधारण सभा आणि त्या सभेतला गोंधळ, हे सगळे रेठरे बुद्रुकच्या कृष्णा कारखान्याच्या किंवा वसंतदादांनी उभारलेल्या सांगलीच्या कारखान्याच्या सभासदाला पाठ असते. असा क्लब आणि असा कारखाना, दोन्हींचे मूळही एकच. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावातल्या विणकरांनी आणि कारागिरांनी १८४४ साली जे सहकारी दुकान काढले, त्याच्या नियमांवर तिकडचा सहकार वाढला. आपल्याकडे १९०४ चा पतसंस्थांचा कायदा आला आणि पुढे १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम. इंग्लंडमधले चाहत्यांचे बरेच क्लब तिथल्या सहकारी स्वरूपाच्या कायद्याखालीच नोंदलेले आहेत. एखाद्याचे शेअर कितीही असोत, मत एकच.

या प्रकारातले सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे एएफसी विम्बल्डन. लंडनच्या विम्बल्डन क्लबने १९८८ साली बलाढ्य लिव्हरपूलला १–० हरवून एफए कप ही इंग्लंडची राष्ट्रीय बाद फेरीची स्पर्धा जिंकली होती. पुढे मालकांनी क्लब सुमारे ९० किलोमीटरवरच्या मिल्टन कीन्स या नव्या शहरात नेण्याचा घाट घातला आणि मे २००२ मध्ये फुटबॉल संघटनेच्या त्रिसदस्यीय आयोगाने त्याला परवानगी दिली. चाहत्यांनी तळापासून नवा क्लब काढणे फुटबॉलच्या व्यापक हिताचे नाही, असा शेराही आयोगाच्या निर्णयात होता. चाहत्यांनी तो शेरा मनावर घेतला आणि काही आठवड्यांत नेमके तेच करून दाखवले. जूनअखेरीस विम्बल्डन कॉमन या सार्वजनिक माळावर खुली निवड चाचणी ठेवली. कोणीही बूट घालून यावे आणि खेळून दाखवावे. दोनशेहून जास्त जण आले. १० जुलैला सटन युनायटेडविरुद्ध पहिला मैत्रीपूर्ण सामना झाला. संघ ०–४ असा सपशेल हरला, पण ४,६५७ लोक आले होते. ऑगस्टमध्ये कम्बाइन्ड काउंटीज लीग ही खालच्या पायरीवरची लीग सुरू झाली तेव्हा पहिल्या सामन्याला सँडहर्स्ट नावाच्या छोट्या गावच्या मैदानावर दोन हजारांवर माणसे लोटली. एरवी तिथे शंभर जमले तरी गर्दी म्हणायची.

नंतरची चढण वेगात झाली. फेब्रुवारी २००३ ते डिसेंबर २००४ या काळात हा संघ लीगमध्ये सलग ७८ सामने अपराजित राहिला. मे २०११ मध्ये मँचेस्टरला प्ले-ऑफच्या, म्हणजे बढती ठरवणाऱ्या जादा सामन्यांच्या, अंतिम फेरीत ल्यूटनला पेनल्टींवर हरवून तो फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे देशाच्या चौथ्या पायरीवर (लीग टू) पोचला. नऊ हंगामांत पाच बढत्या. २०१६ साली वेम्बली या लंडनच्या राष्ट्रीय स्टेडियमवर प्लिमथला २–० हरवून लीग वन, म्हणजे तिसरी पायरी गाठली. मिल्टन कीन्सला गेलेला मूळ क्लब २००४ पासून एमके डॉन्स या नावाने खेळतो. २०१८ साली तो घसरून विम्बल्डनच्या एक पायरी खाली गेला. तेव्हा चाहत्यांना काय वाटले असेल, ते भाऊबंदकीचा दावा जिंकलेल्या माणसाला विचारावे.

या क्लबच्या गोष्टीतला खरा कस मात्र मैदानाबाहेर लागला. प्लाऊ लेन या जुन्या जागेजवळ नवे स्टेडियम बांधताना २०१९ च्या अखेरीस पैसे कमी पडले. बाहेरच्या गुंतवणूकदाराला हिस्सा द्यावा, असा पर्याय पुढे आला. हिस्सा दिला की मालकी पातळ होते, आणि मालकीपायीच तर घर सोडले होते. शेवटी सभासदांनी आणि हितचिंतकांनी प्लाऊ लेन बाँड, म्हणजे कर्जरोखे, काढून पन्नास लाख पौंडांहून अधिक रक्कम उभी केली. नोव्हेंबर २०२० मध्ये तिथे पहिला सामना झाला, तोही कोविडमुळे रिकाम्या खुर्च्यांपुढे. ज्यांनी पैसे घातले त्यांनी तो घरी बसून पडद्यावर पाहिला. २०२२ मध्ये संघ पुन्हा लीग टूमध्ये उतरला आणि मे २०२५ मध्ये वॉल्सॉलला १–० हरवून परत वर आला.

एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर (२००५) हा राजकीयदृष्ट्या अधिक कडवा क्लब. अमेरिकेतल्या ग्लेझर कुटुंबाने कर्ज काढून मँचेस्टर युनायटेड विकत घेतला, तेव्हा वैतागलेल्या चाहत्यांनी तो स्थापला. जर्सीवर जाहिरात नाही हे तत्त्व घटनेतच लिहिलेले आहे. हंगामाचे तिकीट ठरावीक किमान रकमेच्या वर प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे घ्यावे, अशीही पद्धत त्यांनी चालवली. पहिल्या तीन हंगामांत तीन बढत्या मिळाल्या. नोव्हेंबर २०१० मध्ये एफए कपच्या सामन्यात त्यांनी रॉचडेलला त्यांच्याच मैदानावर ३–२ हरवले. सहकाराच्या माहेरघरी सहकारी संघाने मिळवलेला हा विजय योगायोगाचा, पण नोंदवून ठेवण्यासारखा. २०१५ मध्ये स्वतःचे ब्रॉडहर्स्ट पार्क उभे राहिले आणि पुढच्याच वर्षी कारभारावरून सभासदांत जुंपली, राजीनामे पडले. कारखान्याच्या निवडणुकीत दोन पॅनेल समोरासमोर आलेली ज्याने पाहिली आहेत, त्याला यात नवल वाटणार नाही. मत दिले की मतभेदही आलेच.

इतरत्र ऑस्ट्रियात रेड बुल या पेय कंपनीने साल्झबुर्गचा क्लब घेऊन जांभळा रंग पुसला, तेव्हा २००५ मध्ये तोच रंग घेऊन चाहत्यांनी सर्वांत खालच्या लीगपासून सुरुवात केली. २०१५ मध्ये ते दुसऱ्या पायरीवर पोचले आणि तिथल्या खर्चाने दिवाळखोरीत गेले. लिस्बनच्या बेलेनेन्सेस क्लबचे सभासद २०१८ मध्ये व्यावसायिक कंपनीपासून वेगळे होऊन जिल्हा लीगमधून नव्याने चढले.

साल्झबुर्गचे उदाहरण या चळवळीची मुख्य अडचण दाखवते. खालच्या लीगमध्ये मोठा प्रेक्षकवर्ग असलेला क्लब पैशानेही वरचढ असतो, त्यामुळे पहिल्या बढत्या भराभर मिळतात. वर गेल्यावर खेळाडूंचे पगार वाढतात, मैदानाचे निकष कडक होतात. दिवे, खुर्च्या आणि प्रेक्षकक्षमता ठरलेल्या दर्जाची नसेल तर इंग्लंडमध्ये लीग जिंकूनही बढती नाकारली जाऊ शकते. तिथे पोचल्यावर सभासदांपुढे दोनच वाटा उरतात : जिथे आहोत तिथेच समाधान मानायचे किंवा धनिकाला दार उघडायचे. आपल्याकडच्या काही कारखान्यांनी तोटा सोसवेना म्हणून गाळप भाड्याने दिले, तो पेच याच जातीचा.

मिरजेत किंवा कराडात बसून अशा क्लबमागे लागायचे, तर आधी घड्याळ सांभाळावे लागते. शनिवारी दुपारी तीनचा इंग्लिश सामना हिवाळ्यात आपल्याकडे रात्री साडेआठला सुरू होतो. मार्चअखेर तिकडची घड्याळे पुढे सरकली की साडेसातला. घरात जेवणाची ताटे वाढलेली असतात आणि मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेला असतो. मंगळवार रात्रीचे सामने मात्र आपल्याकडे मध्यरात्र उलटल्यावर सुरू होतात आणि बुधवारी कामावर डोळे चोळावे लागतात. तिसऱ्या-चौथ्या पायरीवरचे सामने परदेशी चाहत्याला पैसे भरून पाहता येतात. त्याखालच्या पायऱ्यांवर बऱ्याचदा धावता मजकूर किंवा क्लबच्या स्वयंसेवकांनी केलेले समालोचन यावरच भागवावे लागते. पडदा नसल्यामुळे गोलफरकाची आकडेमोड करण्याची सवय मात्र चांगली लागते.

दुरून सभासद होण्यालाही मर्यादा आहेत. २००८ मध्ये मायफुटबॉलक्लब या संकेतस्थळाच्या हजारो सभासदांनी मिळून एब्सफ्लीट युनायटेड हा क्लब विकत घेतला. त्याच वर्षी संघाने वेम्बलीवर एफए ट्रॉफी ही खालच्या लीगमधल्या संघांची स्पर्धा जिंकली आणि सगळे खूश झाले. पण नव्याची नवलाई ओसरल्यावर वर्गणी भरणारे झपाट्याने घटले आणि २०१३ मध्ये क्लब दुसऱ्यांच्या हाती द्यावा लागला. विम्बल्डनचे सभासद टिकले, कारण त्यांतले बहुतेक पुढच्या शनिवारी एकमेकांना मैदानावर भेटणार होते.

भारतात फुटबॉलची निष्ठा बघायची तर सांगलीपासून पन्नासेक किलोमीटरवर कोल्हापूरला जावे. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम हे संघ पेठांचे आणि तालमींचे. शाहू स्टेडियमवर त्यांच्यासाठी गर्दी उसळते. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहरातला. उलट पुण्यात कंपन्यांनी काढलेले पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजियन्स आणि एफसी पुणे सिटी हे संघ २०१५ ते २०१९ या काळात एकामागून एक बंद पडले. शेवटच्याची आयएसएलमधली (इंडियन सुपर लीग, देशाची सर्वांत वरची लीग) जागा हैदराबादला गेली. मालक उठला आणि क्लब उठला. स्टँडमधल्या पोरांना कोणी विचारले नाही.

खेळासाठी वर्गणी काढणे या भागाला नवे नाही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव गेले ते लोकांनी जमवलेल्या पैशांवर आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून दिलेल्या ७,००० रुपयांवर. पण ती एका मल्लाची एक वारी होती. क्लबला अशी वर्गणी दर हंगामात लागते. भारतातल्या लीगची शिडीही अलीकडेच आकाराला आली. २०२३ साली ती अशी होती : राज्य लीग, त्याच वर्षी सुरू झालेली आय-लीग ३, मग आय-लीग २, आय-लीग आणि वर आयएसएल. खेळाच्या जोरावर आयएसएलमध्ये पहिली बढती मिळवली ती २०२३ साली पंजाबच्या संघाने. सांगली किंवा साताऱ्यातून कोणी असा क्लब काढलाच, तर त्याला पहिल्यांदा लागेल ते वर्षभर हक्काचे मिळणारे गवताचे मैदान. त्यानंतर ईशान्येतल्या सामन्यांसाठी संघाच्या प्रवासखर्चाचा हिशेब सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा लागेल.