दा नांगचं चाम म्युझियम बघण्याआधी थोडा इतिहास

व्हिएतनामला जाणारे बरेचजण दा नांगला बीच आणि तो दोन मोठ्या हातांनी धरलेला सोनेरी पूल करून परत येतात, नदीकाठचं पिवळं चाम म्युझियम राहूनच जातं. आणि जे जातात तेही "अरे, शंकर, गणपती!" म्हणत फोटो काढून अर्ध्या तासात बाहेर. म्हणून थोडी पार्श्वभूमी.

चंपा, म्हणजे चाम लोकांचा जुना देश, हे एकच मोठं राज्य असं डोक्यात असेल तर ते आधी काढून टाका. आताच्या मध्य आणि दक्षिण व्हिएतनामच्या किनाऱ्यावर नदीच्या एकेका खोऱ्यात एकेक राजा, समुद्रावरून व्यापार, वरच्या डोंगरातून येणारं अगरू हे सुगंधी लाकूड हा मोठा माल, आणि यातला जो जोरात असेल त्याचं बाकीच्यांवर चालायचं. चौथ्या शतकात भद्रवर्मन राजाने दा नांगच्या नैऋत्येला 'मी सन' (My Son) नावाच्या दरीत भद्रेश्वर नावाने शिवलिंग स्थापन केलं, मग पुढची कित्येक शतकं राजे तिथे देवळं बांधत राहिले. मधेच ८७५ साली दुसऱ्या इंद्रवर्मनने डोंग डुओंगला भलामोठा बौद्ध विहार काढला. इंद्रपूर, विजय, पांडुरंग ही त्यांची केंद्रं (शेवटचं नाव वाचून लगेच पंढरपूर गाठू नका).

उत्तरेच्या व्हिएतनामी राजांशी भांडण कायमचं, कंबोडियातल्या अंगकोरच्या राजांशीही. १४७१ मध्ये विजय पडलं आणि कणाच मोडला, उरलंसुरलं पांडुरंग १८३२ मध्ये व्हिएतनामी सम्राट मिन्ह मांगने गिळलं.

मूर्ती गोळा करायला फ्रेंचांनी १८९० च्या दशकात सुरुवात केली, म्युझियम उघडलं १९१९ ला, त्यामागे आँरी पारमँतिए हा आर्किटेक्ट. देवळांतून मूर्ती उचलून आणल्या हे मलाही खटकतं, पण १९६९ च्या अमेरिकन बॉम्बिंगमध्ये मी सनचं सगळ्यात देखणं ए१ देऊळ (तिथल्या देवळांना असे क्रमांक दिलेत) गेलं, त्यामुळे जे आत आलं ते वाचलं हेही खरंच. पुढे आपल्या पुरातत्त्व खात्याने तिथे डागडुजी केली, २०२० मध्ये त्याच कामात एक अखंड दगडाचं शिवलिंग मिळालं.

आत दालनं जागेच्या नावाने आहेत. मी सनच्या दालनात ई१ देवळाचं पीठ, म्हणजे कोरीव दगडी चौथरा आहे, यावर लिंग असायचं. ते चारी बाजूंनी फिरून बघा, तपस्वी नुसते डोळे मिटून बसलेले नाहीत, एक बासरी वाजवतोय, एकजण दुसऱ्याचं अंग रगडून देतोय. ट्रा किउ या दुसऱ्या चाम ठिकाणाहून आणलेल्या दगडात कोरलेल्या नर्तकींसमोर गर्दी असते, पण मला विचाराल तर हे पीठच भारी.

आणि चाम लोक संपले असं समजू नका, दक्षिणेत फान रांग शहराकडे (जुन्या पांडुरंगच्या भागात) आजही आहेत, काही हिंदू काही मुस्लिम, आणि तिथल्या जुन्या देवळांत त्यांचा काते नावाचा सण अजून होतो.