उकंडरावांची संघमित्रा

आमच्या आबांचं नाव उकंडराव. आधीची दोन लेकरं हाती लागली नाहीत, म्हणून तिसरं झाल्यावर त्यांच्या आईनं त्याला क्षणभर उकंड्यावर, म्हणजे उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीनं उचलून आणलं आणि नाव पडलं उकंडा. 'राव' फार मागून आला, नागपूरच्या एम्प्रेस मिलच्या हजेरीपटावर. आबांचा थोरला मुलगा बुधवारी झाला म्हणून बुधाजी, हे आमचे मोठे बाबा. माझे बाबा फाल्गुनातले म्हणून फागू. आणि १९५८ साली झालेली धाकटी आत्या मात्र संघमित्रा. आई तीच, बाप तोच, इंदोऱ्यातलं कवेलूचं घरही तेच. बुधाजी, फागू आणि एकदम संघमित्रा!

ही उडी समजायची तर आधी जुन्या नावांकडे बघावं लागतं. उकंडा, दगडू, धोंडू, कचरू ही नावं मुलाला दृष्ट लागू नये, यमाला त्याचा मोह पडू नये म्हणून ठेवायची. ती एकाच जातीची होती असंही नाही. महर्षी कर्वे धोंडो होतेच की. पण धोंडो हे नाव आपण होऊन ठेवणं वेगळं आणि तुम्हांला ठेवायचंच तसं असतं असा नियम असणं वेगळं. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातला एकतिसावा श्लोक तो नियम सरळ सांगतो: ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बलाचं, वैश्याचं धनाचं आणि शूद्राचं जुगुप्सित, म्हणजे ऐकणाऱ्याला किळस यावी असं.

वारांची आणि महिन्यांची नावं त्या मानानं निरुपद्रवी. नागपूरच्या दलित चळवळीचे जुने पुढारी किसन फागुजी बनसोड यांच्या वडिलांच्या नावात फाल्गुनच आहे. आणि ज्या शहरात इतवारी, बुधवारी, मंगळवारी, शुक्रवारी असे मोहल्लेच वारांच्या नावाचे, तिथं माणसं बुधाजी आणि सोमाजी निघाली तर नवल ते काय. अशा नावांना अर्थ नसतो, नोंद असते: पोर कधी झालं एवढंच ती सांगतात.

आता जन, गण, लोक, प्रजा हे शब्द घेऊ. माणसांच्या समूहाला आपल्याकडे शब्दांची कमी नाही आणि ते नावांत सापडतातही. पण एक गोष्ट ध्यानात घ्या, हे शब्द एकटे कधी येत नाहीत. मुलाचं नाव 'लोक' किंवा मुलीचं नाव 'जनता' ठेवलेलं मी तरी ऐकलं नाही. समूहाच्या शेपटाला कोणीतरी लागतोच आणि तो बहुधा मालक असतो. गणपती, गणेश, लोकनाथ, लोकेश, प्रजापती, नरेंद्र. पती, ईश, नाथ, इंद्र. माणसं खाली आणि धनी वर.

त्यातही 'गण' हा शब्द फार फिरलेला. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलात 'गणानां त्वा गणपतिं हवामहे' ही जी ऋचा आहे, ती मुळात ब्रह्मणस्पती या वैदिक देवाला उद्देशून आहे. पुढे ती आपल्या गणपतीच्या पूजेत येऊन बसली. गण म्हणजे टोळी, जमाव, शिवाचे सोबती. आणि गण म्हणजे राजाविना कारभार करणारं राज्यसुद्धा. म्हणजे ज्या शब्दाचा एक अर्थ 'राजा नसलेली माणसं' असा, त्यालाच आपण पती जोडून दिला.

जनार्दनची गंमत आणखी वेगळी. आपल्याकडे हे नाव खूप. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी, इकडे रामनगरात जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ, शिवाय दर दुसऱ्या शाळेत एक जनार्दन मास्तर. यातला 'अर्दन' संस्कृतातल्या 'अर्द्' धातूचा. त्याचा एक अर्थ पीडा देणं आणि दुसरा अर्थ मागणं. विष्णुसहस्रनामावरच्या शांकरभाष्यात दोन्ही बाजू सांभाळल्या आहेत: दुर्जनांना पिडतो तो जनार्दन, नाहीतर लोक ज्याच्याकडे कल्याण मागतात तो जनार्दन. आम्हांला गणित शिकवणाऱ्या जनार्दन मास्तरांच्या हातात छडी असायची. त्यामुळे पहिला अर्थ आम्हांला भाष्याविनाच कळला होता.

लोकांशी बरोबरीचं नातं सांगणारं जुनं नाव शोधायला गेलं तर चटकन विश्वामित्र आठवतो, सगळ्यांचा मित्र. पण संधी सोडवून बघा. विश्व आणि मित्र जोडले तर विश्वमित्र व्हायला हवं, मधला आकार कुठून आला? साधा नियम लावला तर विश्व अधिक अमित्र, म्हणजे सगळ्यांचा वैरी असाही विग्रह होतो. पाणिनीला त्यासाठी खास सूत्र द्यावं लागलं, 'मित्रे चर्षौ': नाव ऋषीचं असेल तर मित्रच्या आधीचा स्वर दीर्घ होतो. त्या ऋषींचा स्वभाव पुराणांतून वाचलेल्यांना दोन्ही विग्रह पटतील.

आणि मग संघ. हाही मुळात मठातला शब्द नव्हे. पाणिनीच्या व्याकरणात गण आणि संघ हे जवळपास एकाच अर्थानं येतात. बुद्धाच्या काळी वैशालीचे लिच्छवी ज्यात होते त्या वज्जींचा कारभार एक राजा नव्हे तर सभा चालवायची. राज्यकारभारातला हा शब्द बुद्धानं भिक्षूंच्या समूहासाठी घेतला, असं मत काशीप्रसाद जयस्वालांसारख्या इतिहासकारांनी मांडलं आहे. भिक्खुसंघात ठराव मांडायची, तो तीनदा वाचायची, मौन म्हणजे संमती धरायची रीत होती, त्यावरून ते पटतंही. वैशाली हे नाव तर पुढे मराठी घराघरांत गेलं. ठेवणाऱ्या कितीजणांच्या मनात लिच्छवी होते कोण जाणे, पण आमच्या उत्तर नागपुरातल्या वैशालीनगराच्या मनात ते नक्की होते.

संघमित्रा ही सम्राट अशोकाची मुलगी. भाऊ महेंद्र आधी सिंहलद्वीपाला गेला. मागून ती बोधिवृक्षाची फांदी घेऊन गेली आणि तिथं भिक्षुणींचा संघ उभा केला, असं महावंस हा श्रीलंकेतला जुना पाली ग्रंथ सांगतो. अनुराधापूरला लावलेला तो वृक्ष आजही आहे. पालीत ती संघमित्ता. आपण मात्र संस्कृत रूप घेतलं, आणि हा घोळ नागपूरभर दिसतो: धम्मदीप, धम्मपाल पालीतून आणि सिद्धार्थ, संघमित्रा संस्कृतातून, कधीकधी एकाच घरात. भाषाशास्त्र्याला खटकेल, बारशाला आलेल्यांना खटकत नाही.

ही नावं इकडे आली ती १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर, असं आपण सरसकट म्हणतो. ते बरोबरच आहे, पण त्यांची ओळख थोडी आधी झालेली होती. बाबासाहेबांनी मुंबईत १९४६ साली काढलेल्या कॉलेजचं नाव सिद्धार्थ. तेव्हाच्या औरंगाबादला १९५० मध्ये सुरू झालेल्या कॉलेजला पुढे मिलिंद हे नाव मिळालं आणि त्याच्या परिसराला नागसेनवन. मिलिंद म्हणजे मिनँडर हा ग्रीक राजा आणि नागसेन म्हणजे त्याच्या प्रश्नांना उत्तरं देणारा भिक्खू. त्यांचा संवाद म्हणजे मिलिंदपञ्हो. शिकण्याच्या जागेला याहून नेमकं नाव सापडणं कठीण. माझा अंदाज असा की ही नावं आधी पाटीवर वाचली गेली आणि मग पाळण्यावर आली. (संस्कृतात मिलिंद म्हणजे भुंगा. त्यामुळे धंतोलीतल्या एखाद्या मिलिंदच्या नावात भुंगा असतो आणि इंदोऱ्यासारख्या बौद्ध वस्तीतल्या मिलिंदच्या नावात ग्रीक राजा.)

त्या विजयादशमीला वॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळच्या मैदानावर काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. कुशीनाराचे भदंत चंद्रमणी, त्रिशरण, पंचशील आणि मग लाखोंच्या समुदायाला बाबासाहेबांनी स्वतः दिलेल्या बावीस प्रतिज्ञा. सगळी व्यवस्था पाहणारे वामनराव गोडबोले ज्या संस्थेचे सचिव होते तिचं नाव भारतीय बौद्धजन समिती. यातला 'जन' कोणाच्या ताब्यात नाही हे लक्षात घ्या, त्याला पती नाही की ईश नाही. आबा त्या मैदानावर होते. 'संघं सरणं गच्छामि' म्हणताना पालीचा अर्थ त्यांना कोणी समजावला नव्हता. तरी ते म्हणत, "संघ म्हनजे आपनच नं बापू, अजून कोन?" भिक्खूंनी कदाचित हा अर्थ मान्य केला नसता.

दुसऱ्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी नागपूरच का, याचं उत्तर दिलं. राष्ट्रीय स्वयंसेवक संघ इथं आहे म्हणून हे शहर निवडलं, ही चर्चा त्यांनी खोडून काढली आणि नाग लोकांचा हवाला दिला. भारतात बुद्धाचा धम्म ज्यांनी पसरवला ते नाग, त्यांची वस्ती या भागात आणि नाग नदी आजही शहरातून वाहते, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे शहराच्या नावातच एक लोकसमूह आहे असं ते वाचत होते. नागसेन, नागार्जुन ही नावं त्यामुळे इथं दुहेरी जवळची. कामठी रोडवरच्या बौद्ध प्रशिक्षण केंद्राचं नावही नागलोकच आहे.

आता नागपूरकरांची खरी पंचाईत. १९२५ च्या विजयादशमीला महालात जो संघ स्थापन झाला, त्यामुळे या शहरात नुसतं 'संघ' म्हटलं की रिक्षावाला तुम्हांला महालात नेईल नाहीतर रेशीमबागेत. आणि मुलाचं नाव संघपाल, संघरत्न, संघदीप असेल तर ते घर बहुधा दीक्षाभूमीच्या बाजूचं. शब्द एक, विजयादशमी एक, शहर एक. माझा चुलतभाऊ संघपाल पुण्याला नोकरीला लागला तेव्हा त्याच्या साहेबांनी पहिल्याच दिवशी आपुलकीनं विचारलं, "अरे वा! वडील शाखेत असतात का?" तो म्हणाला, "हो, बँकेच्या. इतवारी शाखेत." चुलतकाका खरोखरच तिथं कॅशियर होते.

या नावांचं शेपूट बघा म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. संघमित्रा ही संघाची मैत्रीण. संघपाल सांभाळणारा, संघरत्न त्यातलाच एक मोलाचा. आणि संघरक्षितमध्ये तर गाडी उलटी फिरते: त्यानं संघाचं रक्षण करायचं नाही, संघानं त्याचं केलेलं आहे. हे नाव धारण करणारे इंग्रज भिक्षू ६ डिसेंबर १९५६ ला, बाबासाहेब गेले त्या दिवशी, नागपुरातच होते आणि पुढचे काही दिवस वस्त्यावस्त्यांतून बोलत फिरले. लोकांच्या वर बसणारी नावं आपल्याकडे हजारो वर्षं होती. लोकांच्या शेजारी बसणारी नावं एवढ्या संख्येनं एका पिढीत ठेवली गेली ती इथं.

जाता जाता एक. हे शहर वसवणाऱ्या देवगडच्या राजा बख्त बुलंदचं नाव फारसी, अर्थ थोर नशिबाचा. पण त्याची माणसं, ज्यांना बाकीचे गोंड म्हणतात, स्वतःला कोइतूर म्हणवतात, म्हणजे सरळ माणसं. शेपूट वगैरे काही नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला त्यानं ज्या बारा वाड्या जोडून शहर केलं त्यांना राजापूर बारसा म्हणत. म्हणजे नागपूरचंही बारसं झालंच म्हणायचं.

पुढच्या पिढ्यांत नावं बदलत गेली. बाबासाहेबांच्या पत्रांची शीर्षकंच मुलांना मिळाली. समता मुलीला, प्रबुद्ध मुलाला. गंमत म्हणजे १९३० साली सुरू झालेल्या 'जनता'चंच १९५६ मध्ये 'प्रबुद्ध भारत' झालं, तेव्हा ज्या पत्राच्या जुन्या नावाला कोणी हात लावला नाही, त्याचंच नवं नाव पाळण्यात गेलं. हल्ली सम्यक, बोधी, तथागत. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीबाहेरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर बौद्ध नावांच्या पातळ पुस्तिका मिळतात. गेल्या वर्षी तिथं एक जोडपं उभं होतं, बाई दिवस भरत आलेल्या. नवरा 'स'ची यादी बोटानं वाचत संघमित्रापर्यंत आला, तर ती म्हणाली, "आता थे जुनं झालं. माह्या मावशीचं हाय." बोट पुढे सरकलं. मागे आत जो बोधिवृक्ष दिसत होता, तो अनुराधापूरच्या त्याच झाडाच्या फांदीचा. भदंत आनंद कौसल्यायन यांनी तिकडून आणलेला.

आमच्या आत्याचं म्हणाल तर तिला घरी सगळे संगी म्हणतात. शाळेच्या दाखल्यावर मात्र पूर्ण संघमित्रा उकंडराव, म्हणजे एका ओळीत दोन्ही जमाने. मध्यंतरी तिच्या कार्डावर एका कार्यालयानं 'संगमित्रा' छापलं. अर्थ काही वाईट नाही, सोबतीची मैत्रीण, मी म्हटलं राहू दे. ती तीनदा त्या खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. तिसऱ्या खेपेला तिथला पोरगा वैतागून म्हणाला, "मावशी, एका अक्षरानं काय फरक पडते?" आत्यानं दाखला काचेला चिकटवला, 'घ'वर बोट ठेवलं आणि म्हणाली, "माह्या बापानं हे अक्षर दसऱ्याच्या मैदानावरून आनलं हाय. टाक."