सोन्याच्या खाणवस्त्यांत मुले नव्हती, हा गैरसमज

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात 1851 मध्ये सोने सापडल्यावर उभ्या राहिलेल्या तंबूंच्या वस्त्यांत केवळ दाढीवाले पुरुष राहत असत, हा समज आजही सर्रास सांगितला जातो. पहिल्या काही महिन्यांपुरता तो बराचसा खरा आहे. मात्र पुढच्या तीन-चार वर्षांत बॅलरॅट आणि बेंडिगो या तिथल्या खाणवस्त्यांत कुटुंबेच्या कुटुंबे येऊन राहिली होती. खोदकामाचा परवाना खोदणाऱ्याच्या नावाने निघत असल्यामुळे त्या नोंदींत मुले दिसत नाहीत, आणि कागदावर नाहीत म्हणजे नव्हतीच, असा सोयीचा निष्कर्ष काढला गेला असावा.

प्रत्यक्षात सोने धुण्याच्या कामात मुलांचा हात लागत असे. वर चाळणी आणि खाली आडव्या पट्ट्या असलेल्या लाकडी पेटीत वडील खडीमाती टाकत, कोणी वरून पाणी ओतत असे आणि मूल दांडा धरून पेटी डुलवत राही. माती वाहून जाई, जड सोन्याचे कण पट्ट्यांपाशी अडकत. लाकूडफाटा आणि पाणी आणणे, टाकून दिलेल्या ढिगाऱ्यांत उरलेसुरले कण शोधणे हीही त्यांचीच कामे असत.

शाळाही होत्या, त्याही तंबूतल्या, म्हणजे वस्ती हलली की शाळा हलवता येई. शिक्षण सक्तीचे करणारा कायदा मात्र 1872 चा. बागडणाऱ्या बालपणाचे गोड चित्रही तितकेच अपुरे आहे, कारण गढूळ पाण्यामुळे होणारी हगवण आणि उघडे पडलेले खड्डे यांनी अनेक मुलांचे बळी घेतले.